गजस्नान



पत्रिकेवर विषय छापलाय 'वन्य प्राण्यांची स्वच्छता'. संयोजक फोनवर म्हणाले होते, बाई, वाघ-हत्ती येऊ द्या, मुलंही असतील. वाघ येईल, हत्तीही येईल. पण मला आज पोचायचंय ते मातीपाशी. सगळी नोकरी प्राणिशास्त्र शिकवण्यात गेली आणि त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली: माती हा प्राण्यांचा साबण आहे, आणि तो आपण त्यांच्या हातून काढून घेत चाललो आहोत.

वाघ आधी उरकून घेते. मांजरानं हात चाटला की कानस फिरल्यासारखं वाटतं, हे सगळ्यांना माहीत आहे. जॉर्जिया टेकच्या अ‍ॅलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी २०१८ साली मांजराच्या जिभेवरच्या काट्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक काट्याच्या टोकाला पळीसारखी खोलगट खाच असते. ती तोंडातली लाळ उचलते आणि केसांच्या थरातून खाली कातडीपर्यंत नेऊन सोडते. घरची मनी असो की वाघ, सिंह, हिमबिबळ्या, रचना तीच. (मागच्या रांगेतून एक आजी: "मग नातवाला सांगू का, आंघोळीला सुट्टी?" हशा.) नको आजी, नातवाच्या जिभेला ती खाच नाही!

आता हत्ती. आपल्या भाषेत 'गजस्नान' असा शब्द आहे. हत्ती न्हाऊन काठावर येतो आणि लगेच सोंडेनं अंगावर धूळ उडवतो, म्हणून फुकट गेलेल्या कष्टांना गजस्नान म्हणायचं. मला हा शब्द फार लागतो, कारण त्यात हत्तीला मूर्ख ठरवलंय. आपल्यासारखा घाम हत्तीला येत नाही. आफ्रिकी हत्तीच्या कातडीवर केसाएवढ्या बारीक भेगांचं जाळं असतं, आणि सपाट कातडीपेक्षा पाच ते दहा पट पाणी त्यात धरून राहतं, असं २०१८ मध्येच दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं. त्या ओलीवर चिखलाचा लेप बसला की ओल सावकाश उडते, ऊन भाजत नाही, माश्या चावत नाहीत. म्हणजे धूळ उडवणं हा त्या स्नानाचाच शेवटचा भाग. रानडुक्कर डबक्यात लोळतं, चिखल वाळू देतं आणि मग झाडाच्या बुंध्याला अंग घासतं. वाळलेल्या पापुद्र्याबरोबर गोचीडही निघून येते. तालमीतल्या मातीत ताक, तेल, हळद घालून पैलवान तीच अंगाला लावतात, त्यांना कोणी घाणेरडं म्हणत नाही.

पक्ष्यांकडे वळते, कारण तिथे आपल्या हैदराबादचा संबंध आहे. पक्षितज्ज्ञ सालीम अलींनी १९३१-३२ साली निजामाच्या मुलखात केलेलं पक्षी-सर्वेक्षण इथे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. त्यांचे बर्लिनचे गुरू एर्विन स्ट्रेझमान. मुंग्या पिसांना चोळण्याच्या पक्ष्यांच्या सवयीला त्यांनी १९३५ साली जर्मन नाव दिलं. पुढच्याच वर्षी सालीम अलींनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात टिपण लिहिलं. अंगावरचे किडे घालवायला पक्षी मुंग्यांना कामाला लावतात का, हा प्रश्नच त्याचं शीर्षक होता. पक्षी मुंगी चोचीत धरून पंखाखाली फिरवतो, मुंगी आम्ल सोडते. त्यानं किडे मरतात, की आम्ल निघून गेल्यावर मुंगी खायला बरी होते, यावर अजून वाद आहे. पण मुंग्या कुठे राहतात? मातीत. आलेच मी मातीवर.

काचीगुड्याला आमचं जुनं घर होतं. अंगणात शहाबादी फरशी, पण ती नुसत्या मातीवर टाकलेली. दोन फरश्यांच्या मधल्या फटीत बोट जाईल एवढी माती, आणि तुळशीवृंदावनाच्या मागे हातभर जागा तशीच उघडी. दुपारी दोनच्या सुमारास आजी दालनात आडवी व्हायची, मी खांबाला टेकून बसायचे, आणि चिमण्या उतरायच्या. आधी एक नर यायचा. छाती जमिनीला टेकवून तो पायांनी माती मागे सारायचा, मग जागच्या जागी फिरायचा, की आमटीच्या वाटीएवढा खड्डा तयार. त्यात बसून पंख असे थरथरवायचा की धूळ पाठीवरून मानेपर्यंत चढायची. मग एक गाल मातीला घासायचा, मग दुसरा. नंतर एकदम ताठ उभा राहून सगळं अंग झटकायचा, ढग उडायचा, आणि त्या ढगातून निघालेली चिमणी अगदी नवी दिसायची! दुसरी कोणी वाटीत बसायला आली की हा चोच उघडून धावायचा. एका वाटीवरून तिघांची भांडणं मी पाहिली आहेत. संध्याकाळी आजी अंगण झाडायची, पण तुळशीमागे झाडू फिरवायची नाही. "ती त्यांची मोरी आहे," म्हणायची.

या धुळीतल्या न्हाण्यामागचं कारण साधं आहे. शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, ते तेल पक्षी चोचीनं पिसांना लावतो. जास्तीचं शिळं तेल कोरडी धूळ शोषून घेते, पिसांतल्या उवाही झडतात. मोर, तितर, कोंबडी ही मंडळी तर पाण्यापेक्षा धुळीतच न्हातात. केबीआर उद्यानात फिरायला जाणाऱ्यांनी मोर धुळीत पसरलेला पाहिला असेल. तारेच्या पिंजऱ्यातली कोंबडी काय करते, ते मात्र ऐका. खाली माती नसते, नुसती जाळी असते. तरीही ती बसते, पंख फडफडवते, मान घासते, न्हाण्याच्या सगळ्या हालचाली करते. अंगावर धुळीचा कण पडत नाही. आपल्या शहराभोवती अंड्यांचे केवढे मोठे कारखाने आहेत, तेव्हा हे चित्र फार लांबचं नाही.

(एक श्रोते: "माती ठेवली की डास होतात, डेंग्यू होतो!") अहो, डास साचलेल्या पाण्यात होतात. कोरड्या मातीत डासाची अळी जगतच नाही. पाण्याचं पसरट भांडं ठेवणार असाल तर ते रोज ओतून घासा, एवढं पथ्य पाळा. ही भीती मी आमच्या इमारतीत दहा वेळा ऐकली आहे, म्हणून जरा जोरात बोलले, क्षमा करा.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, पाचच मिनिटं. मग माकडांचं उवा काढणं, धनेशाच्या मादीचं ढोलीच्या फटीतून शीट बाहेर टाकणं, सगळं सोडते आणि कामाचं सांगते.

आम्ही राहतो त्या इमारतीत भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशी, आणि फटी सिमेंटनं बुजवलेल्या. वीस मार्चला चिमणी दिवस झाला, मुलांनी लाकडी घरटी टांगली. चिमण्या आल्या, पण त्यांना न्हायला वीतभर जागा नव्हती. मी तीन फरश्या काढायला सांगितल्या तर वॉचमन म्हणाला, "मट्टी रखे तो गंदा होता ना अम्मा." त्याचा दोष नाही, आपण सगळे हेच म्हणत आलो. सभेत चार महिने वाद झाला, मग परवानगी मिळाली.

तेव्हा माझी मागणी एवढीच. प्रत्येक इमारतीनं दोन-तीन फरश्या उचलाव्यात. जागा उन्हातली असावी, शेजारी मांजराला दडायला झुडूप नको. माती चाळून भुसभुशीत करा, त्यात वाळू मिसळा, कीटकनाशक मारू नका, आणि तिथे झाडू फिरवू नका. उद्याच्या सभेत विषय काढा, चार महिने लागले तरी चालतील.

काल दुपारी माझ्या खिडकीखालच्या त्या कोपऱ्यात मी वाट्या मोजल्या. चार होत्या.