शंकरपटाविषयीं दोन शब्द



महोत्सवाच्या सभेंत आम्ही धर्मोपदेशच करूं, अशी कित्येकांची अपेक्षा असेल. परंतु सुगीनंतर आमच्या दारीं येणारे शेतकरी हल्लीं एकच प्रश्न विचारतात : "फादर, यंदा जोडी पटांत उतरवावी कीं नाहीं?" त्याचें उत्तर सर्वांसमक्ष द्यावें, असें आम्हांस वाटलें.

अनेक दिवस चालणाऱ्या पारंपरिक शर्यती इतर देशांतही आहेत. कॅनडांतील क्वेबेक प्रांतीं सेंट मॉरिस नदीवर हलक्या नावांची एक शर्यत १९३४ सालीं सुरू झाली. ती तीन दिवसांची. एका नावेंत दोघे वल्हेकरी. आदल्या दिवसाचा शीण दंडांत उतरलेला असतो, तरी दोघांचीं वल्हीं एकाच ठेक्यांत पडावीं लागतात. आपल्या वऱ्हाडांत अशी नाव कोठें हांकावी? पूर्णामाय पावसाळ्यांत थड्या भरून वाहते आणि उन्हाळ्यांत डोहांपुरती उरते. आपली शर्यत जमिनीवरची, आणि ठेका धरावयाचा तो बैलांच्या जोडीनें.

अमरावती जिल्ह्यांतील तळेगाव दशासरचा शंकरपट आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. संक्रांतीच्या सुमारास तेथें कित्येक दिवस पट रंगतो. आंखलेली दाण, हलका छकडा, त्यावर एकटा धुरकरी, आणि सेकंदाचे अंश मोजणारें घड्याळ. तेथें महिलांचाही पट होतो. पदर खोंचून कासरा धरणारी बाई पाहिली, म्हणजे पुरुषांची फुशारकी अंमळ कमी होते. नांवांत शंकर आहे म्हणून आपल्यांतील कांहीं जण बिचकतात. आम्हांस तसें कारण दिसत नाहीं. दाणीवर शेजारी शेजाऱ्यास भेटतो, आणि बैल कोणाचा धर्म विचारीत नाहीं.

वर्ध्याकडील गवळाऊ बैल अंगानें हलका, पायानें चपळ. पण नुसत्या जातीनें भागत नाहीं. दोघांचें पाऊल जुळावें म्हणून घरधनी सरकी-ढेप चारतो, रोज फिरवून आणतो, अंगावरून हात फिरवितो. लेंकरांहून बैलांचें कौतुक अधिक होतें, ही माउल्यांची तक्रार आम्ही अनेक घरीं ऐकिली आहे.

७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें बैलांच्या शर्यती बंद केल्या. २०१७ सालीं राज्यानें कायदा दुरुस्त केला. १६ डिसेंबर २०२१ रोजीं सशर्त परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या घटनापीठानें ती दुरुस्ती वैध ठरविली. पट पुन्हा भरूं लागले. आनंद झाला, खोटें कां बोलावें, आम्हांसही झाला. परंतु बंदी कां आली होती? आर लावलेली तुतारी टोंचणें, शेंपटी पिळणें, प्रसंगीं ती दांतांनीं चावणें, हे प्रकार कोणी परक्यानें रचून सांगितलेले नव्हते. क्वेबेकचा वल्हेकरी दुखरे दंड घेऊन दुसऱ्या दिवशीं नावेंत बसतो, तो स्वतःच्या इच्छेनें. बैलास कोणी विचारिलें आहे? त्याच्या वतीनें 'पुरे' म्हणणारा एकच माणूस दाणीवर असतो, आणि तोच धुरकरी बक्षिसासाठीं अधीर झालेला असतो.

तेव्हां आमचें उत्तर असें : जोडी अवश्य उतरवा. पशुवैद्याकडून ती तपासून घ्या. तुतारी घरींच राहूं द्या. नियमांनींही ती वर्ज्य आहे. पेरणीचा पैसा मोडून पटाचे बैल घेऊं नका, आणि पैज तर मुळींच लावूं नका. पटाच्या जोडीपायीं वावर गहाण पडलेलें आम्ही पाहिलें आहे. पहिल्या दिवशीं जोडी अव्वल आली आणि दुसऱ्या दिवशीं एक बैल पाय उचलून धरूं लागला, तर छकडा सोडून परत या. अशा माणसास गांवांत चार दिवस हिणवितात, हें आम्ही जाणतों. त्या सायंकाळीं आमच्याकडे चहास यावें. बैल आवारांतील निंबाखालीं बांधावे. कडब्याची पेंढी आम्ही काढून ठेवूं.