दहा पौंडांचं घर

दहा पौंडांत काय येतं? आज इंग्लंडमध्ये तेवढ्यात एक वेळचं जेवण जेमतेम होतं. पण १८९६ साली तेवढ्या पैशांत एक घर विकत घेतलं गेलं. ते मी पाहून आलो.

ससेक्स परगण्यातल्या आल्फ्रिस्टन या खेड्यात, चर्चच्या शेजारी ते उभं आहे. नाव 'क्लर्जी हाउस', म्हणजे पाद्रीबाबांचं घर. लेकीकडे गेलो होतो, तिनं नेलं. मला वाटलं, एखादा वाडा असेल. पाहतो तर शाकारलेलं, जरासं वाकलेलं साधं घर. वय सुमारे सहाशे वर्षं.

सांगाडा ओक लाकडाचा आणि भिंती चक्क कुडाच्या! काटक्या विणायच्या आणि वर मातीचा गिलावा द्यायचा. अशा गिलाव्यात तिकडेही शेण कालवत. तिथले सुतार ओलं लाकूडच कापत, कारण ते मऊ असतं. सांध्यात लाकडी खुंट्या ठोकत. लाकूड वाळलं की वाकडं होई, पण सांधे आवळून बसत. मधली खोली जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत मोकळी, दोन्ही टोकांना दुमजली खोल्या आणि सगळ्यांवर एकच छप्पर. पूर्वी मधोमध जमिनीवरच विस्तव पेटायचा. धुराडं नंतर आलं.

अशा घरांच्या खिडक्यांना तेव्हा काचा नसत. इंग्रजी 'विंडो' या शब्दाचा मूळ अर्थ 'वाऱ्याचा डोळा'. आपल्या 'गवाक्ष'मध्येही गाईचा डोळा आहेच की!

खरा थबकलो तो जमिनीपाशी. खडूच्या दगडाचा चुरा ठोकून बसवलेला आणि त्यावर आंबलेल्या दुधाचा हात फिरवलेला. मला ईदच्या आदल्या दिवशी घर सारवणारी अम्मी आठवली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे घर मोडकळीला आलं होतं. ते पाडायचं ठरलंही होतं. पण गावचे पाद्री बेनन हटून बसले. जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी विल्यम मॉरिसनं १८७७ मध्ये काढलेल्या संस्थेकडे त्यांनी धाव घेतली. या संस्थेचं म्हणणं एकच : नवं करू नका, दुरुस्त करा. शेवटी १८९५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टनं ते दहा पौंडांना घेतलं. ट्रस्टनं घेतलेली ही पहिली वास्तू. लंडनच्या गरिबांच्या घरांसाठी झटणाऱ्या ऑक्टेव्हिया हिल या ट्रस्टच्या संस्थापकांपैकी एक. डागडुजीला किमतीपेक्षा कितीतरी जास्त पैसे लागले. तरी त्यांनी ती केली.

आणि आम्ही? गावचं आमचं माळवदाचं घर पावसात गळू लागलं. गवंडी म्हणाला, "दुरुस्तीपेक्षा नवं स्वस्त पडेल." भावांनी होकार दिला, मीही मान डोलावली. घरावर कविता लिहिणारा मीच! खांब वखारवाल्यानं नेले. अम्मीनं एवढंच विचारलं, "कोनाडाही गेला का?" त्या कोनाड्यात अब्बांचा कंदील असायचा.

सिमेंटच्या घराला मी नावं ठेवत नाही. त्यात आम्ही कोरडे झोपतो. पण आता कुणी मातीचं घर पाडायला निघालं, की मी एक विनंती करतो. आधी एखाद्या जुन्या सुताराला बोलवा, त्याला चहा पाजा आणि घर दाखवा. छप्पर गळतंय म्हणजे घर संपलं, असं नसतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)