लाखेच्या तबकड्या आणि त्या जपणारी माणसं
(निधी-संकलनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



निधीबद्दल खजिनदारांनी सांगितलंच आहे, तेव्हा पैशांविषयी आम्ही काही बोलणार नाही. आम्ही चार-पाच जण माउंट वेलिंग्टनला एकमेकांच्या घरी जमतो, चहा घेतो आणि जुन्या रेकॉर्ड्स ऐकतो. या छंदाला नाव नाही, घटना नाही, वर्गणीही नाही. पण असंच जमता जमता मुंबईत एक मोठं काम उभं राहिलं, त्याची हकिगत आज सांगायची आहे.

१९९० साली मुंबईत काही रेकॉर्डवेडे एकत्र आले आणि त्यांनी ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था काढली. डॉ. सुरेश चांदवणकर हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ. त्यांनी अनेक वर्षं मानद सचिव म्हणून ही धुरा वाहिली. पद्धत साधी. कुणीतरी आपल्या संग्रहातल्या तबकड्या आणायच्या, वाजवायच्या आणि गायक कोण, केव्हा गायला, साथीला कोण हे बाकीच्यांना सांगायचं. १९९१ पासून ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे त्यांचं नियतकालिक निघू लागलं. या विषयातलं आणखी एक मोठं नाव आपल्या शेजारचं आहे. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल किनिअर यांनी १८९९ ते १९०८ या काळातल्या भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची तयार केली आणि ती १९९४ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढली. आपल्या गाण्याचा हिशेब एका ऑस्ट्रेलियन माणसाने ठेवावा, याचं आम्हाला कौतुक वाटतं आणि थोडी लाजही वाटते.

हिशेब ठेवण्याची गरज का पडली? १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि गोहरजान वगैरे कलावंतांची गाणी त्याने मुद्रित केली. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कामगारांना गाणारं कोण हे कसं कळणार? म्हणून गाणं संपताच गायिका स्वतःचं नाव इंग्रजीतून मोठ्याने सांगत असे. १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना निघाला. आता हे बघा, न्यूझीलंडमध्ये गायलेली, मुद्रित केलेली आणि इथेच छापलेली पहिली तबकडी, पिक्सी विल्यम्सने गायलेलं ‘ब्लू स्मोक’, बाजारात आली ती १९४९ साली! म्हणजे या बाबतीत आपण चाळीस वर्षं पुढे होतो. जपण्यात मात्र मागे पडलो.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळत. नाटकात बालगंधर्वांचं पद वन्समोअर घेत घेत कितीही लांबायचं. तेच तीन मिनिटांत बसवायचं म्हणजे काय कसरत असेल! काही बुजुर्गांना हे रुचलंच नाही. अल्लादियाखाँसाहेबांची एकही ध्वनिमुद्रिका नाही. एवढा मोठा गवई, एका घराण्याचा प्रवर्तक, आणि आवाज कसा होता हे सांगायला आज कुणी उरलेलं नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर. त्याही रेकॉर्डच्या बाबतीत हात राखूनच होत्या. पण त्यांनी गायलेली भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. गोव्यातल्या केरी गावची ही गायिका आज सूर्यमालेच्या वेशीपलीकडे आहे. त्यांची तबकडी तिकडे सुखरूप आहे. आपल्या माळ्यावरच्या तबकड्यांचं तसं सांगता येत नाही.

आमच्यातल्या एकाचंच उदाहरण. गावाकडचं घर विकायचं ठरलं. इथून फोनवर सांगितलं, “जुनं सामान काढून टाका.” सहा महिन्यांनी गेल्यावर कळलं की आजोबांची रेकॉर्डची पेटी पितळेच्या भांड्यांबरोबर भंगारवाल्याकडे गेली. तिच्यात काय होतं याची यादीसुद्धा कुणाकडे नव्हती. दोष कुणाला द्यायचा? “काढून टाका” आपणच म्हणालो होतो.

म्हणून एक मागणी. डिसेंबरच्या सुट्टीत भारतात जाल तेव्हा माळ्यावर, पलंगाखाली, काकांच्या-मामांच्या घरी एकदा विचारा. तबकड्या सापडल्या तर उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते. एल्‌पीची सुई त्यांना चालत नाही, खोबण रुंद असते. म्हणून घाईने वाजवून बघू नका. आधी लेबलवरचा नंबर आणि नाव वहीत उतरवा, फोटो काढा. आणि घरात आजी-आजोबा असतील तर ही कुणी आणली, कुठल्या लग्नात वाजली ते विचारून घ्या. ते लेबलवर लिहिलेलं नसतं.

यादी आमच्याकडे दिलीत तर आम्ही ती जुळवून बघू. काही जणांच्या घरी बारा-पंधरा तबकड्या नक्की निघतील, असा आमचा अंदाज आहे. मोडलेल्या असल्या तरी सांगा.

बरं, आता फार बोललो. मागचे दिवे जरा कमी करता का? आणि मोबाईल बंद. केसरबाईंची तीच भैरवी लावतो आहोत. साडेतीन मिनिटांची आहे, सुरुवातीला थोडी खरखर येईल.