हे कशाचे चित्र?



नभोवाणीवरून चित्रांविषयी बोलणे काहीसे चमत्कारिकच. जे डोळ्यांनी पाहावयाचे ते कानांवर घालावयाचे! तथापि ज्या चित्रांविषयी आज मी बोलणार आहे, ती समोर टांगलेली असतानाही पुष्कळांना दिसत नाहीत. तेव्हा माझी अडचण तितकीशी मोठी नाही. ही चित्रे अमूर्त होत. त्यांत झाड नसते, माणूस नसतो, देवही नसतो. मनात दाटून आलेला शोक, संताप वा आनंद पूर्वयोजनेवाचून सरळ रंगांतून उतरलेला असतो. अशा चित्रापुढे उभे राहताच आपण विचारतो, "हे कशाचे चित्र?" आणि उत्तर मिळाले नाही की म्हणतो, "असे तर आमचा बंडूही काढील!"

बंडूचा विचार आधी करू. त्यासाठी फार दूर जावयास नको. नगरहून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरहून, दौंडच्या रस्त्याने निघाले की अरणगावाजवळ मेहेराबाद लागते. तेथील टेकडीवर मेहेरबाबांची समाधी आहे. आत शिरणाऱ्याची दृष्टी साहजिकच समाधीवर खिळते. मान वर करून भिंती व घुमट पाहणारे थोडेच. तेथील चित्रे हेलेन डाम या स्विस चित्रकर्त्रीने 1938 साली रंगविली. बाईंचे वय तेव्हा साठ वर्षांचे होते. म्युनिकला त्यांचे शिक्षण झालेले, लाकडी ठशांच्या चित्रांत हात मुरलेला. ज्यांच्या ओढीने त्या इतक्या लांब आल्या, ते बाबा 1925 सालच्या 10 जुलैपासून मौनात होते व त्या काळी अक्षरांच्या फळीवर बोट फिरवून आपले म्हणणे सांगत. उत्कट भावनेला शब्दच लागतात असे नाही, हे त्या जागी कोणी निराळे शिकवावयास नको होते.

परंतु भिंतींवरील ही चित्रे अमूर्त नव्हेत. त्यांत माणसे आहेत, आकृती आहेत. पुढे प्रकृती बिघडल्याने बाई मायदेशी परतल्या. 1954 साली झुरिच शहराचा कलापुरस्कार त्यांना मिळाला. तो मिळविणारी ही पहिली स्त्री. आणि त्याच दशकात, पंचाहत्तरीच्या आसपास, ज्या वयात माणूस जपमाळ शोधू लागतो त्या वयात, त्यांनी आकृतींचे बंधन सोडून नुसत्या रंगांशी मोकळा खेळ मांडला. मेहेराबादच्या मुक्कामामुळेच हे घडले, असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात अशा चित्रकलेची लाटच उसळली होती. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की त्या उत्स्फूर्त फटकाऱ्यामागे अर्धशतकाची रेघ होती. कसलेल्या कीर्तनकाराला ऐन वेळी दृष्टान्त सुचतो तो उत्स्फूर्तच असतो; पण तो सुचावयास आयुष्य खर्ची पडलेले असते.

मग बंडूने काढलेले सारेच व्यर्थ काय? नाही. माझ्या वर्गातील एका मुलाचा बाप पावसाळ्यात गेला. तेरावे उरकून मुलगा शाळेत आला. चित्रकलेच्या तासाला विषय होता 'माझे गाव'. त्याने काळा तेलखडू घेतला आणि कागद फाटेपर्यंत घासला. मग त्या काळ्यावर तांबडा. महिनाभर न रडलेले ते पोर त्या तासाच्या शेवटी बाकावर डोके टेकून रडले. ते चित्र होते काय? कलासमीक्षक नाही म्हणतील, आणि त्यांचे बरोबरही असेल. मी त्यावर गुण मांडले नाहीत. ज्याला गुण द्यावयाचे असे त्यात काही नव्हते, आणि तरीही त्या मुलाला त्या दिवशी त्याहून उपयोगाची दुसरी वस्तू शाळेपाशी नव्हती. रंग ओतून मन हलके होणे ही एक गोष्ट. त्या ओतण्यातून दुसऱ्याच्या मनाला स्पर्श करणारे चित्र उभे राहणे ही दुसरी. या दोहोंची गल्लत करूनच लोक अमूर्त चित्रांची टवाळी तरी करतात, नाहीतर नको तितकी स्तुती.

सगळेच अमूर्त चित्र वेगाने निर्माण होते, असेही समजू नये. नागपुरास 1924 साली जन्मलेले वासुदेव गायतोंडे कुंचल्याऐवजी रूळ व रंग पसरण्याची सुरी हाती घेत, दीर्घकाळ स्वस्थ बसून राहत आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी करीत. 2001 साली ते वारले. 2014 साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरविले. एकाचा भाव उसळतो, दुसऱ्याचा निवळतो, इतकेच.

आता पाहावे कसे? 'कशाचे' हा प्रश्न घटकाभर बाजूस ठेवावा आणि हात कसा फिरला असेल ते शोधावे. एक रंग ओला असतानाच दुसरा त्यात घुसला असेल तर कडा गढूळ होतात. तेथे घाई होती, आवेग होता. कडा स्वच्छ असेल तर चित्रकार मध्ये थांबला होता. रंगाचा थर जाड, कुंचल्याच्या केसांचे चर दिसणारा असेल, तर हात जड होता. ओघळ असतील तर रंग पातळ होता व तो खाली वाहू दिला होता. आलाप ऐकताना आपण गवयाला 'हा आलाप कशाचा?' असे विचारीत नाही. त्याची चाल, त्याचा ठहराव कानांनी धरतो. तेच काम येथे डोळ्यांना करावयाचे आहे.

हा सराव आकृतींच्या चित्रांवरही करता येतो. मेहेराबादच्या भिंतींवर, माणसांचे चेहरे क्षणभर विसरून, नुसत्या रंगांच्या पट्ट्यांमागून डोळा फिरवून पाहावा. 31 जानेवारीला, अमरतिथीस, तेथे देशोदेशीच्या लोकांची दाटी असते. चित्रे पाहावयाची तर एरवीच्या दिवशी जावे.