साक्षी आणि दुःख



ईश्वरकृष्णांनी सांख्यकारिकेचा आरंभ सृष्टीपासून केला नाही, दुःखापासून केला. त्रिविध तापांचा आघात होतो, म्हणून माणूस त्यांवरचा उपाय शोधू लागतो, असे पहिल्याच कारिकेत सांगून पुढे १९ व्या कारिकेत त्यांनी पुरुषाला साक्षी, मध्यस्थ, द्रष्टा आणि अकर्ता म्हटले आहे. तेव्हा साक्षित्व हा पंडितांचा विरंगुळा नव्हे; दुःखाच्या पोटीच तो विचार जन्मला आहे.

हा साक्षी कसा असतो? पंचदशीच्या १० व्या, 'नाटकदीप' नावाच्या प्रकरणात एक दृष्टांत आहे. नाट्यशाळेतला दिवा यजमान, प्रेक्षक आणि नर्तकी या सर्वांना सारखाच उजळतो, आणि सारे निघून गेले तरी तेवतच राहतो. अहंकार हा यजमान, विषय हे प्रेक्षक, बुद्धी ही नर्तकी. आणि साक्षी तो दिवा.

कोणी म्हणेल, दृष्टांत गोड आहे, पण घरात आजारपण आले म्हणजे त्याचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. आमच्या मातोश्रींच्या अखेरच्या दुखण्यात आम्ही रात्री त्यांच्या उशाशी बसत असू. 'आता आमचे कसे होणार' हाच घोष मनात चाले, आणि त्या नादात एकदा त्यांनी मागितलेले पाणी द्यायचेच राहिले. आम्हांला फार लाज वाटली. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या प्रस्तावनेत जो अध्यास सांगितला आहे, म्हणजे देहाचे, मनाचे, आप्तांचे बरेवाईट 'मी'वर लादणे, तो पुस्तकात नव्हता; आमच्या हातातल्या रिकाम्या भांड्यात होता.

त्यानंतर आम्ही एवढेच केले. भीती दाटून आली, की 'मी भ्यालो' असे न म्हणता 'भीती आली आहे, आणि ती दिसते आहे' असे मनाशी म्हणू लागलो. भीती गेली नाही. मातोश्रीही राहिल्या नाहीत. परंतु पाणी वेळेवर दिले गेले.

म्हणून आमचे सांगणे असे, की साक्षित्व म्हणजे कोरडेपणा नव्हे. शेजाऱ्याच्या दुःखापुढे 'आम्ही केवळ साक्षी' म्हणून हात आखडता घेणे ही शुद्ध फसवणूक होय. साक्षी व्हावयाचे ते स्वतःच्या आकांताचे. म्हणजे दुसऱ्याचा आकांत ऐकू येतो. ज्ञानी पुरुषांचे समूळ दुःख फिटत असेल; आम्हां प्रापंचिकांचे निदान हात तरी मोकळे होतात.