मच्छीमार नगराचं खळं

मुंबईच्या दक्षिण टोकाजवळ, कफ परेडच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी मच्छीमार नगर आहे. प्लेगनंतर, १८९८ साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यातल्या कफसाहेबांचं नाव या भागाला मिळालं. ट्रस्टनं समुद्र हटवून जमीन केली. पुढं १९६० नंतर बॅकबेची भरणी झाली, किनारा आणखी सरकला आणि मनोरे उठले.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा दहशतवादी रबरी होडीतून याच किनाऱ्यावर उतरले. त्यांना इथल्या मच्छीमारांनी हटकलं. समुद्राकडे तोंड केलेल्या खिडक्या तर वर शेकड्यांनी होत्या!

नकाशा पाहणाऱ्याला वस्तीपुढची जागा मोकळी वाटते. ती मोकळी नव्हे. आपलं खळं सुगीखेरीज रिकामंच दिसतं ना? तसंच हे. होड्या ओढायच्या, जाळी सांधायची, मासळी वाळवायची, ती इथंच. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते. तेव्हा होड्या ठेवणार कुठं?

पक्की घरं मिळावीत, जरूर मिळावीत. पण सातव्या मजल्यावर जाळं कुठं पसरायचं, हेही कुणी त्या बाईमाणसांना विचारायला हवं.