चिटणिसाची वही
(स्वयंसेवक मेळाव्यातील भाषण)



रोझा पार्क्स हे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. १ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात त्यांनी बसमधली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली. त्याआधीची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. शिवणकाम करणाऱ्या या बाई १९४३ मध्येच 'एनएएसीपी' या नागरी हक्क संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस झाल्या होत्या. काम बिनपगारी. अन्याय झालेल्यांच्या हकिगती त्या लिहून घेत, पत्रे पाठवीत. त्यांच्याबरोबर काम करणारे पुढारी ई. डी. निक्सन हे रेल्वेत पोर्टर होते.

अटकेनंतर जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने रातोरात हजारो पत्रके काढली. ५ डिसेंबरला बसवर बहिष्कार सुरू झाला. त्याच दिवशी २६ वर्षांचे पाळक मार्टिन लूथर किंग नव्या संघटनेचे अध्यक्ष झाले. बहिष्कार ३८१ दिवस टिकला. लोकांना कामावर नेण्यासाठी कोणी आपली मोटार दिली. जॉर्जिया गिल्मोर आणि त्यांच्या मैत्रिणी जेवण व केक करून विकत आणि पैसे सभेत आणून देत.

हे मी आज का सांगतो? आपल्या पाड्यांवर वनहक्क कायदा, २००६ प्रमाणे ग्रामसभेने निवडलेल्या वनहक्क समित्या आहेत. दाव्याला एकाहून अधिक पुरावे लागतात. वडीलधाऱ्यांचे म्हणणे लिहून घेतले, तर तोही पुरावा धरला जातो. निर्णय मान्य नसेल, तर ६० दिवसांत वरच्या समितीकडे अर्ज करायचा असतो. आजोबांचे म्हणणे वेळेत लिहिले गेले नाही, किंवा निर्णयाची तारीख कोणी टिपली नाही, तर पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा दावा अडकतो. आजोबा तर कायमचे थांबणार नाहीत.

म्हणून आपल्या मंडळीतून जाणाऱ्या स्वयंसेवकांना माझी विनंती आहे. पाड्यावर गेल्यावर भाषण करू नका. समितीच्या शेजारी बसा. तारखा कशा नोंदवायच्या, अर्जाची पोच कशी मागायची, हे दाखवा. वही मात्र पाड्यातल्याच मुलीच्या किंवा मुलाच्या हातात राहू द्या. तुम्ही परत आल्यावरही ती लिहिली गेली पाहिजे.

या कामासाठी दर महिन्याचा एक रविवार कोण देईल? आज जाण्यापूर्वी नाव नोंदवा. देव तुम्हांला आशीर्वाद देवो.